चित्रावरच्या खुणा: नुसतं वाचताना चौकटी सरकू नयेत म्हणून काय करता?

बोरू:

नमस्कार. प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे, पण तो नीट मांडायचा तर आधी मोडी या मराठीच्या जुन्या लिपीबद्दल चार ओळी सांगायला हव्यात.

आमचा एक छोटा गट जुन्या मोडी कागदांच्या फोटोंवर काम करतो. कागद घरगुती आहेत. कुणाच्या माळ्यावर सापडलेली खतं म्हणजे व्यवहाराचे दस्तऐवज, हिशेबाचे बंद म्हणजे कागद, थोडी पत्रं. फोटो काढायचा, प्रत्येक ओळीभोवती चौकट आखायची आणि त्या ओळीचं देवनागरी लिप्यंतर शेजारी टंकायचं. अशा जोड्या पुरेशा जमल्या की यंत्राला मोडी वाचायला शिकवता येतं. टूल मी लिहिलंय. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि बहुतेक जण टॅबलेटवर वापरतात. वाचणारे साठीच्या पुढचे. त्यांत एक निवृत्त तलाठी काका आहेत, नोकरीत जुनं मोडी दप्तर हाताळलेले, आणि एक आजी आहेत, ज्या वयाच्या साठीनंतर हौसेनं मोडी शिकल्या.

ज्यांनी मोडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढतो आणि मग बोरूची लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं त्या रेघेखाली लिहीत जातो. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. म्हणून शब्दाशब्दाची चौकट आखणं अवघड, ओळ हाच आमचा आधार. ओळी दाट असतात. चौकट जराशी खाली सरकली की पुढच्या ओळीवर जाऊन बसते.

आणि नेमकं तेच होत होतं. गेल्या महिन्यात तपासताना एका पानावर सातव्या ओळीची चौकट आठव्या ओळीवर दिसली. लिप्यंतर अचूक, पण शेजारच्या ओळीला चिकटलेलं. दुसऱ्या पानांवरही तसंच. यंत्राला शिकवायच्या दृष्टीनं हे कोऱ्या पानापेक्षा वाईट आहे, कारण आपण त्याला ठामपणे चुकीचं शिकवतो. टूलमध्ये प्रत्येक बदलाची वेळ नोंदवलेली असते, म्हणून शोधता आलं. चौकटी सरकल्या होत्या त्या बहुतेक वेळा, जेव्हा कुणी पान फक्त वाचायला उघडलं होतं.

मी काकांच्या घरी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. दहा मिनिटांत कारण समजलं. काका ओळीखाली बोट फिरवत वाचतात. कागदावर आयुष्यभर तसंच वाचलं, टॅबवरही तसंच. माझ्या टूलला काचेवरून सरकणारं बोट म्हणजे चौकट ओढणं, एवढंच ठाऊक होतं. काकांना वाटत होतं की स्क्रीन जरा हलते.

आता मला पाहणं आणि खूण करणं या दोन अवस्था स्पष्ट वेगळ्या करायच्या आहेत. पण प्रश्न संपत नाहीत. उघडताना कोणती अवस्था असावी? आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे माणसाला कसं कळावं? झूम आणि पान सरकवणं दोन्हीकडे सारखंच ठेवायचं का? इथे नकाशे, वैद्यकीय चित्रं, शेतीचे फोटो यांवर खुणा करणारे बरेच जण आहेत. तुमच्या कामात हे कसं सोडवलंय ते सांगा.


नकाशावाली:

छान विषय. मी गाव नकाशे स्कॅन करून त्यावरून जमिनीच्या गटांच्या हद्दी आखते, क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये. तिथली पद्धत तुमच्या उपयोगाची वाटते.

नकाशा उघडला की तुम्ही काहीही करा, ओढा, झूम करा, गटावर क्लिक करून माहिती बघा, हद्द तसूभर हलत नाही. बदल करायचा तर त्या प्रकारच्या माहितीचा थर निवडून पेन्सिलीचं बटण दाबायचं. मग यादीत त्या थराच्या नावाशेजारी पेन्सिल दिसते आणि नकाशावर हद्दीच्या प्रत्येक कोपऱ्यावर लाल फुल्या उमटतात. पेन्सिल बंद करताना सेव्ह न केलेलं काही असेल तर ठेवायचं की टाकून द्यायचं हे विचारलं जातं.

यात माझ्या मते सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे पेन्सिल अख्ख्या प्रोग्रॅमला लागत नाही, एका थराला लागते. रस्त्यांचा थर दुरुस्त करत असताना गटांच्या हद्दी शांत पडून असतात. तुम्हीही संपूर्ण पान दुरुस्तीला खुलं करू नका. एका वेळी एकच ओळ जिवंत.

आणखी एक. हद्द आखता आखता नकाशा सरकवायचा असेल तर स्पेसबार दाबून ठेवून माऊस हलवते. सोडला की परत आखणं सुरू. टॅबवर कळफलक नसतो, तिथे दोन बोटांनी सरकवणं हे काम करू शकेल.


उलटतपासणी:

मी थोडा विरोधी सूर लावतो. अवस्था वाढवणं हा आजार आहे, औषध नव्हे.

लॅरी टेसलर हा झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रातला संगणकतज्ज्ञ १९७०च्या दशकात याच गोष्टीसाठी भांडत होता. त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स', म्हणजे 'अवस्था नकोत', असं होतं. त्या काळी तिथल्या ब्राव्हो या लेखन-प्रोग्रॅमबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. आज्ञेची अवस्था चालू आहे हे विसरून कुणी 'एडिट' हा इंग्रजी शब्द टाइप केला तर ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पूस, आय म्हणजे घाल, आणि उरलेलं टी हे अक्षर. सगळा मजकूर जाऊन कागदावर एकटा टी. टेसलर आणि त्याच्या सहकाऱ्यानं मग जिप्सी नावाचा प्रोग्रॅम केला, ज्यात आधी मजकूर निवडायचा आणि मग काय करायचं ते सांगायचं. कट-कॉपी-पेस्ट आपल्याला त्याच वाटेनं मिळालं.

तुमच्या टूललाही तेच लावता येईल. न निवडलेल्या चौकटीवरून बोट फिरलं तर काहीच होऊ नये. आधी टिचकी मारून निवडा, मगच ती ओढता येईल. वेगळं बटण नको, वेगळी अवस्था नको, लक्षात ठेवायला काही नको.


बोरू:

@उलटतपासणी, मनापासून आभार. पहिला प्रयत्न मी हाच केला होता, म्हणून तो आमच्याकडे का फसला ते सांगते.

आमच्या वाचकांना टिचकी वाचण्यासाठीच लागते. एखादं अक्षर अडलं की ते ओळीवर टिचकी मारतात आणि खाली त्या ओळीचं लिप्यंतर दिसतं. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे हे दर ओळीला होतं. म्हणजे ओळ निवडली जाते, आणि पुढच्या क्षणी बोट पुन्हा ओळीखाली फिरू लागतं. निवडलेली चौकट निघाली सोबत.

निवडणं म्हणजे बदलायचा इरादा, हे लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ठीक आहे. वाचनात निवडणं म्हणजे 'हे काय आहे?' असं विचारणं. या दोन इराद्यांना एकच हालचाल आहे, म्हणून मला अवस्था वेगळ्या कराव्या लागताहेत. दुसरा मार्ग दिसला असता तर मीही बटण वाढवलं नसतं.


उलटतपासणी:

हे पटलं. वाचणाऱ्याचा हातही चित्रावर असतो, हे मी धरलंच नव्हतं. मग अवस्था ठेवा, पण दोनच. तिसरी येऊ देऊ नका.


काचपट्टी:

मी पॅथॉलॉजीत आहे. उतींच्या काचपट्ट्या स्कॅन करून त्यावर गाठीच्या कडा आखणं हे रोजचं काम. एकेक चित्र लाखभर पिक्सेल रुंद असू शकतं, त्यामुळे आमचा निम्म्याहून जास्त वेळ चित्र सरकवण्यात जातो, आखण्यात नाही. सरकवताना आखलेली कड ओढली जाणं ही आमचीही जुनी डोकेदुखी आहे.

मी वापरते ते क्यूपाथ. ते मुक्तस्रोत आहे आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात सुरू झालं. त्यात सरकवायचं हत्यार वेगळं, आखायची वेगळी. शिवाय प्रत्येक खुणेला कुलूप लावता येतं. मी कड आखून, दुसऱ्या डॉक्टरांनी पाहून झाली की कुलूप. मग आखायचं हत्यार हातात असलं तरी ती खूण हलत नाही. तुमच्याकडे दोन जणांनी वाचून नक्की केलेल्या ओळी असतील तर त्यांना असं कुलूप घाला. दुरुस्तीच्या अवस्थेतही ते वेगळं काढावं लागलं पाहिजे.

आणि मूळ फोटोला टूलनं कधीही हात लावू नये. रेडिओलॉजीत प्रतिमांसाठीच्या डायकॉम मानकात बाण, मोजमापं, शेरे मूळ प्रतिमेपासून वेगळ्या वस्तूत साठवता येतात. प्रतिमा तशीच राहते आणि वरचे शेरे दाखवायचे की लपवायचे हे बघणारा ठरवतो.


द्राक्षबाग:

नाशिकहून. आमचं काम तुमच्या अगदी उलट आहे, म्हणून लिहितोय. द्राक्षाच्या पानांचे फोटो आणि त्यावर भुरी, डाऊनी, करपा या रोगांच्या डागांभोवती चौकटी. करणारी मुलं कृषी पदविका झालेली, दिवसभर संगणकावर, हात वेगात. ती नुसतं बघायला फोटो उघडतच नाहीत. उघडला की आखायला सुरुवात.

आधी आम्ही लेबलइमेज हा चौकटी आखायचा प्रोग्रॅम वापरायचो. त्यात दर चौकटीसाठी डब्ल्यू दाबायचा, मग ओढायचं, पुढच्या फोटोसाठी डी. एका पानावर तीस-चाळीस डाग असले की तेवढे डब्ल्यू. मुलं कंटाळायची. त्यांना एकदा आखणं सुरू केलं की ते सुरूच राहिलेलं हवं असतं. तेव्हा 'उघडताना पाहणीच' हा नियम सगळीकडे लावू नका. कोण बसलंय यावर ते ठरतं.

पण आम्हाला पाहण्याची गरज वेगळ्या जागी भासली. भुरी सुरुवातीला इतकी पुसट असते की चौकटीची रेघच डाग झाकते. आतला रंग थोडा जरी भरलेला असेल तरी पानाचा खरा रंग कळत नाही, आणि डाऊनीचा तेलकट पिवळा डाग तर रंगावरूनच ओळखायचा असतो. मुलं एकमेकांच्या चौकटी बघून 'असेल' म्हणून पुढे जायची. मग आम्ही एक कळ ठेवली: दाबून ठेवली तोवर सगळ्या खुणा गायब, सोडली की परत. दिवसभरात सर्वात जास्त वापरली जाणारी कळ तीच ठरली. माणूस आधी पानाशी बोलतो, मग चौकटीशी.


बोरू:

@द्राक्षबाग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'पाहणं' हे एकच नाही, हे तुमच्यामुळे नीट दिसलं. नुसतं चित्र पाहणं वेगळं आणि खुणांसकट चित्र पाहणं वेगळं. जुन्या शाईच्या बाबतीत तर हे तंतोतंत लागू आहे. जिथे शाई उडालेली असते तिथे चौकटीची रेघ काना समजली गेली, असंही झालंय. दाबून ठेवायचं बटण नक्की घालते.

@काचपट्टी, कुलूपही घेते.


उंचावरून:

अवस्था कुठे दाखवायची याबद्दल एक दुःखद उदाहरण. २० जानेवारी १९९२, एअर इंटर या फ्रेंच कंपनीचं ए-३२० विमान स्ट्रासबुर्गला उतरताना डोंगरावर आदळलं. ९६ जणांपैकी ८७ गेले. तपासात पुढे आलेली एक मुख्य शक्यता अशी: वैमानिकांना ३.३ अंशांच्या कोनात खाली यायचं होतं, पण यंत्रणा उभ्या वेगाच्या अवस्थेत होती, आणि तिथे ३३ म्हणजे मिनिटाला ३३०० फूट. बटण तेच, खिडकी तीच, आकडे जवळजवळ तेच. कोणती अवस्था चालू आहे हे सांगणारी अक्षरं होती, पण बारीक. पुढे एअरबसनं उभ्या वेगाचा आकडा पूर्ण चार अंकी दाखवायला सुरुवात केली.

तुमच्या कामात कुणाचा जीव जात नाही हे मला माहीत आहे. पण चूक घडण्याची रीत तीच आहे. माणूस आकड्याकडे बघत होता आणि अवस्था दुसरीकडे लिहिलेली होती. माणसं वस्तू कशा वापरतात याचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा चुकांना वेगळा वर्ग दिला, तो याचसाठी. तुमच्या काकांची नजर ओळीवर असेल. वरच्या पट्टीत कोपऱ्यात 'दुरुस्ती' लिहून भागणार नाही. जिथे नजर, तिथे खूण.


मायमराठी_पुणे:

बटणावर काय लिहिणार आहात? हे छोटं वाटतं, पण मी एका सरकारी अर्जात 'संपादन सुरू' असं बटण पाहिलं आणि पाच मिनिटं अडकलो. संपादन सुरू *आहे* की सुरू *करा*? मराठीत 'सुरू' आणि 'बंद' हे दोन्ही अर्थांनी वाचले जातात. दुकानावर 'बंद' म्हणजे स्थिती, आणि पंख्याच्या बटणाखालच्या 'बंद'वर बोट ठेवलं की ती आज्ञा.

एकच बटण जागच्या जागी नाव बदलत असेल तर हा घोळ हमखास होतो. दोन शब्द शेजारी शेजारी ठेवा, दोन्ही कायम दिसू देत, आणि चालू असलेला भरीव करा. 'वाचा' आणि 'खुणा करा'. 'संपादन' नको. आजींना संपादक म्हणजे वर्तमानपत्राचा माणूस. 'मोड' हा शब्द तर पडद्यावर आणूच नका, त्यांच्यासाठी मोड म्हणजे मटकीला येतात ते, नाहीतर सुट्टे पैसे.


केळफूल:

'वाचा | खुणा करा' +१.

माझं क्षेत्र सुगम्यता, म्हणजे नजर किंवा हात अधू असलेल्यांनाही वापरता येईल असं करणं. काही गोष्टी घाईत लिहिते. फक्त रंग बदलून अवस्था दाखवू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा रंगांधळ्या माणसाला हिरवी कड आणि केशरी कड सारखीच वाटू शकते. जाडी बदला, कोपऱ्यात मुठी (पकडून ओढायचे ठिपके) दाखवा, शब्द लिहा. चौकटीच्या कोपऱ्यातल्या मुठी फक्त खुणा करताना दिसाव्यात. वाचताना मुठीच नसल्या तर पकडायचं काही राहत नाही. मुठी दिसायला छोट्या असल्या तरी बोटाला लागणारी जागा मोठी हवी. वेबच्या सुगम्यतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकामध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२३च्या आवृत्तीत, किमान २४ पिक्सेल सांगितलंय. थरथरत्या हातासाठी मी ४४च्या खाली जाणार नाही. त्याच आवृत्तीत असंही आहे की जे ओढून करता येतं ते न ओढताही करता आलं पाहिजे. म्हणून चौकट वर-खाली सरकवायला बाणांची बटणं द्या.

आता सर्वात महत्त्वाचं, आणि हे इंग्रजीत लिहिणाऱ्यांना सुचत नाही. एका अक्षराच्या शॉर्टकटपासून सावध. लिप्यंतर टंकताना मराठी कळफलक चालू असतो. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत डब्ल्यूच्या कळीवर ऐकाराच्या दोन मात्रा आहेत. तुमचा प्रोग्रॅम 'कोणतं अक्षर उमटलं' हे तपासत असेल तर शॉर्टकट चालणारच नाही. 'कोणती कळ दाबली' हे तपासत असेल तर चालेल, पण मग कुणी 'पैका' टंकायला गेलं, लक्ष मजकुराच्या खोक्यात नसलं, की नवी चौकट सुरू. जावास्क्रिप्टमध्ये 'की' (उमटलेलं अक्षर) आणि 'कोड' (दाबलेली कळ) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या याचसाठी. वाचनाच्या अवस्थेत एकअक्षरी शॉर्टकट पूर्ण बंद ठेवा.


बोरू:

@केळफूल, 'पैका' आमच्या कागदांत ओळीआड येतो, त्यामुळे हे उदाहरण थेट लागलं. सरकलेल्या चौकटींबरोबर काही रिकाम्या चौकटीही सापडत होत्या. त्या कुठून येतात हे आज कळलं.

सगळ्यांचं वाचून या आठवड्यात नवी मांडणी केली आणि रविवारी काका आणि आजींसमोर ठेवली. काय झालं ते लिहिते.

पान आता 'वाचा'मध्ये उघडतं. एक बोट फिरवलं तर काहीही हलत नाही, अगदी पानही नाही. दोन बोटांनी पान सरकतं आणि मोठं होतं, दोन्ही अवस्थांत अगदी सारखं. टिचकी मारली की लिप्यंतर दिसतं. 'खुणा करा' दाबलं की फोटोभोवती जाड पट्टा येतो आणि टिचकी मारलेल्या एकाच ओळीला मुठी फुटतात. बाकीच्या ओळी निर्जीव. पान उलटलं की आपोआप परत 'वाचा'.

पहिल्या आवृत्तीत मी एक चूक केली होती. खुणा करताना बाकी पान अंधुक केलं होतं, म्हणजे लक्ष एका ओळीवर राहील. आजींनी बटण दाबलं आणि दचकून म्हणाल्या, "अगं, फोटो खराब झाला की काय?" त्यांचं बरोबर होतं. पुसट शाईचा कागद आणखी अंधुक करणं म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखं आहे. शिवाय वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीत लोंबतो तो कुणाचा हे ठरवायला शेजारची ओळ लख्ख दिसावी लागते. अंधुकपणा काढला, पट्टा ठेवला.

काकांनी तीन पानं वाचली. बोट फिरवत. नोंदवहीत एकही बदल नाही. मध्येच त्यांनी मान वर करून विचारलं, "आता हलत नाही का गं ही?"


शिकाऊ_कोडर:

ताई, एक शंका. काही वेळ काहीच केलं नाही तर 'खुणा करा'मधून आपोआप बाहेर काढलं तर? म्हणजे कुणी विसरलं तरी धोका नाही.


बोरू:

विचार केला होता, पण नको वाटतं. मोडी वाचणारा माणूस एका अक्षरावर पाच मिनिटं थांबतो. तो विचार करत असताना खालची अवस्था गुपचूप बदलली तर पुढची हालचाल वाया जाते आणि टूलवरचा विश्वासही जातो. अवस्था माणसाच्या हातानंच बदलावी. पान उलटणं ही त्याचीच कृती आहे, म्हणून तिथे चालतं.


काचपट्टी:

सहमत. आणखी एक विचारते. वाचताना कुणाला चूक दिसली तर तो काय करतो? आमच्याकडे कनिष्ठ डॉक्टरांना कड चुकलेली दिसते, पण वरिष्ठांची खूण बदलायला ते कचरतात, आणि मग गप्प बसतात.


बोरू:

हेच आमच्याकडे आहे. आजींना काकांची ओळ बदलायची नसते, पण शंका असते. आतापर्यंत त्या ती वहीत लिहून मला फोनवर सांगायच्या.

गूगल डॉक्समध्ये २०१४पासून सुचवण्याची वेगळी अवस्था आहे, पण @उलटतपासणी यांनी तिसरी अवस्था नको म्हटलंय आणि मलाही ते पटतं. म्हणून 'वाचा'मध्येच लिप्यंतराशेजारी 'शंका' असं एक बटण देते. दाबलं की ओळीच्या समासात ठिपका उमटतो, हवं तर दोन शब्द लिहायचे. चौकट आणि लिप्यंतर जसंच्या तसं. वेबवरच्या खुणांसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २०१७चं मानक आहे, त्यात प्रत्येक खुणेचा हेतू नोंदवायची सोय आहे आणि 'प्रश्न विचारणं' हा त्यातला एक मान्य हेतू आहे. मी साठवायला तेच रूप वापरते, त्यामुळे शंकेसाठी वेगळं काही शोधावं लागलं नाही.


नकाशावाली:

सरळ चौकट तिरक्या ओळींना पुरते का? हातानं लिहिलेली ओळ शेवटाला वर चढतेच.


बोरू:

नाही पुरत, आणि तेच आता पुढचं काम. हस्तलिखितांसाठीची ट्रान्सक्रिबस किंवा एस्क्रिप्टोरियमसारखी टूल्स चौकटीऐवजी ओळीबरोबर वळणारी रेघ घेतात. ती रेघ आखायला आमच्या लोकांना जमेल का अशी शंका होती. माऊसनं बिंदू टाकत जाणं आजींना अजिबात आवडत नाही.


द्राक्षबाग:

मग काकांचं बोट वापरा ना. ते ओळीखालून फिरतंच आहे. 'खुणा करा'मध्ये तेच बोट रेघ काढेल.


बोरू:

@द्राक्षबाग, हे वाचून मी जेवणावरून उठले आणि लिहायलाच बसले.

करून पाहिलं. 'वाचा'मध्ये बोट फिरवलं तर काहीच उमटत नाही. 'खुणा करा'मध्ये तीच हालचाल केली तर बोटामागे रेघ उमटत जाते, ओळीच्या चढउताराबरोबर. नवीन शिकायचं काहीच नाही. आणि अवस्था विसरून कुणी बोट फिरवलंच, तर एक जादा रेघ येते जी लगेच नजरेला दिसते आणि पुसता येते. पहिल्यासारखी आधीची खूण गुपचूप जागा सोडत नाही.

एक अडचण आहे. बोट ओळीखालून जातं आणि मोडीचा आधार वरची शिरोरेघ आहे. क्रेकन, म्हणजे एस्क्रिप्टोरियमच्या पोटातलं वाचनयंत्र, अशा वरून लटकणाऱ्या लिपींसाठी आधाररेघ वर धरायची सोय देतं. तेव्हा बोटावरून फक्त ओळीचा तिरकेपणा आणि दोन टोकं घ्यायची, आणि प्रोग्रॅमनं तिथून वर सरकत शाईची सर्वात सलग आडवी पट्टी शोधायची, असं करतेय. मोडीत शिरोरेघ आधी आणि सलग ओढलेली असल्यानं ती बहुतेक पानांवर सापडते. हिशेबाच्या बंदांवर अजून फसतंय, कारण तिथे रकान्यांच्या रेघाही आहेत. आकडेमोडीच्या पानांवर काम केलेलं कुणी असेल तर रकान्याची रेघ आणि शिरोरेघ वेगळी कशी काढता ते सांगा.


नकाशावाली:

रकान्याच्या रेघा बहुधा उभ्या आणि पानभर लांब असतात ना? आम्ही गाव नकाशावरची स्कॅनची जाळी काढताना आधी अशा लांब सरळ रेघा वेगळ्या करतो आणि मगच हद्दी शोधतो. आडव्या रकानरेघा असतील तर जाडी तपासा, बोरूची रेघ सुरुवातीला जाड असते आणि शाई संपत आली की पातळ होते. एक-दोन नमुने टाका, उद्या बसून बघते.